डॉक्टर अजून कामावर आहेत

"गेलेल्या माणसाचं खातं त्याच दिवशी बंद करायचं. तिथे दयामाया नको." शिकवणाऱ्या सरांचे हे शब्द कुलूपसाहेबांच्या कानात अजून घुमत. इस्पितळातल्या कॉम्प्युटरांची राखण करायला ते नवेच आले होते. आल्या आल्या सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावले, म्हणून हे नाव.

त्या दुपारी चालू खात्यांची यादी तपासताना त्यांच्या अंगावर काटा आला. रक्तपेढीचे थोरले डॉक्टर वारून तीन महिने झाले होते, आणि यादीप्रमाणे ते कामावर होते. रात्रंदिवस. जेवायलासुद्धा न उठता.

साहेब तळघरात उतरले. रक्ताची थंड कपाटं घुमत होती. डॉक्टरांची खुर्ची रिकामी. समोर पडद्यावर त्यांचं नाव, आणि बाण आपला आपण सरकत होता. थांबला. पुन्हा सरकला.

"क... कोण आहे?"

"मी." कपाटामागून झाडू घेतलेल्या मावशी निघाल्या. "ओरडताय काय? बूट काढा आधी, आत्ताच पुसलंय."

मावशींच्या खिशात बिनतारी माउस होता. त्या झाडत, तो हले; पडद्याला झोप म्हणून लागत नसे.

"डॉक्टर गेले तेव्हा हे चालूच होतं," आवाज ऐकून आत आलेल्या रक्तपेढीच्या ताई ओशाळून म्हणाल्या. "पिशवी सोडायचा अधिकार त्यांचा एकट्याचा. पासवर्ड सोबत घेऊन गेले. तो मला मिळावा म्हणून केलेला अर्ज वर पडलाय, दोन सह्यांवाचून. पडदा मिटला की रक्त बंद. म्हणून पाळ्या लावल्यात."

"अहो, उद्या कोणीही येऊन कोणतीही पिशवी सोडेल! मेलेल्या माणसाच्या नावावर! आत्ता बंद करतो."

त्यांचं बोट बटणावर टेकलं, तोच फोन वाजला. वर एका बाळंतिणीचं रक्त थांबत नव्हतं. दोन पिशव्या, लगेच.

ताई नुसत्या त्या बोटाकडे बघत राहिल्या.

बोट हळूच वर आलं.

ताईंनी रक्तगट दोनदा ताडून पाहिला, पिशव्या सोडल्या. पडद्यावर उमटलं : 'थोरल्या डॉक्टरांची परवानगी आहे.'

"संध्याकाळच्या आत सह्या आणतो, ताई. शब्द देतो," साहेब पुटपुटले.

"ते नंतर. आम्ही दोघी पिशव्या घेऊन वर जातोय," मावशींनी माउस त्यांच्या हातात कोंबला. "तोवर झोपू द्यायचं नाही. आणि नुसतं उभं राहून भागत नाही हो!"

"नाही झोपू देणार."

दार लागलं. साहेबांनी माउस खिशात घातला. रिकाम्या खुर्चीकडे पाठ करायचं काही धाडस होईना. म्हणून तिच्याकडे तोंड ठेवून, एक पाऊल पुढे, एक मागे, ते मुकाट्याने येरझारा घालू लागले.