चार बोटं डावीकडे

बावीस वर्षं मी दैनिकाच्या क्रीडा पानावर आहे आणि या बावीस वर्षांत माझ्या एकाही बातमीची दुरुस्ती छापावी लागलेली नाही. शेजारच्या टेबलावर कुस्ती पाहणाऱ्या गृहस्थांच्या आजवर एकतीस झाल्या. त्यांनी एकदा जिंकलेल्यालाच हरवलं होतं. माझी पद्धत साधी आहे. मी मोजल्याशिवाय लिहीत नाही.

यंदा संपादकांनी मला गोल्फ दिलं. देशभर फिरणारा पुरुष व्यावसायिकांचा मोसम, अठरा स्पर्धा. गुणांच्या यादीत शेवटी पहिले साठ राहतील त्यांना पुढच्या वर्षाचं कार्ड, म्हणजे खेळायचा परवाना. एकसष्टाव्याने घरी जावं.

यात आमचे मेहुणेही होते. बायकोचा धाकटा भाऊ. पहिल्या स्पर्धेत पोराने नववा क्रमांक काढला आणि दुसऱ्या आठवड्यात तो पिशवीसकट आमच्या घरी राहायला आला, कारण सरावाचं मैदान आमच्या घरापासून दहा मिनिटांवर होतं. त्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, जाताना एकच बजावलं होतं, "कार्ड गेलं तर निमूट दुकानात बसायचं." सासऱ्यांचं फरशांचं दुकान आहे. विकतात आणि बसवूनही देतात. आमच्या हॉलची फरशी त्यांनी लग्नाच्या वेळी स्वतः उभं राहून बसवून दिली होती आणि ती कशी आरशासारखी झाली आहे हे ते दर भेटीत, चपला काढता काढता सांगतात.

गोल्फमध्ये लांबचे टोले लोकांना दिसतात, पण सामना ठरतो शेवटच्या हलक्या टोल्यावर. त्याला पट म्हणतात. चेंडू जमिनीवरून घरंगळत भोकात जायला हवा. मेहुण्याने हॉलमध्ये हिरवं जाजम अंथरलं, टीव्हीखाली स्टीलचा पेला आडवा ठेवला आणि बाल्कनीच्या दारातून नऊ फुटांवरून पट मारायला सुरुवात केली. मी वही घेऊन सोफ्यावर बसलो. शंभरातले चौऱ्याण्णव पेल्यात. चौथ्या दिवशी शहाण्णव.

"भावोजी, असं मी आयुष्यात खेळलो नव्हतो," तो म्हणाला.

दुसऱ्या स्पर्धेत त्याचा एकही पट गेला नाही. तिसरीतही नाही. मी दोरीपलीकडे उभा राहून नोंदी घेत होतो. प्रत्येक चेंडू भोकाच्या डावीकडून जात होता, बरोबर चार बोटं. एक बोट इकडे नाही की तिकडे नाही. इतक्या नेमाने चुकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आठव्या स्पर्धेपर्यंत तो यादीत नवव्यावरून पन्नासावर घसरला होता. तेव्हा मी स्तंभ लिहिला. घरी शंभरात सत्त्याण्णव, मैदानावर शून्य. आकडे स्वच्छ होते, निष्कर्षही स्वच्छ होता. 'तंत्रात काहीही दोष नाही. दोष मनात आहे. सराव दुप्पट करावा.'

स्तंभ फार गाजला. सासऱ्यांचा फोन आला, "जावईबापू, पोराच्या डोक्यात काही आहे हे तुम्ही पेपरातून कळवलंत, बरं केलंत." त्याला बूट देणाऱ्या कंपनीने बूट परत मागवले. पाहायला यायचं ठरलेल्या मुलीकडच्यांनी येणं पुढे ढकललं. आणि सासूबाईंनी त्याला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "चेंडू जिथे हमखास आत जातो ती जागा डोळ्यांसमोर आणायची. मग मारायचं."

पुढच्या स्पर्धेत मेहुणा प्रत्येक ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीवर, डोळे मिटून उभा राहिला. मिटल्या डोळ्यांपुढे आमचा टीव्ही, पेला, भिंतीवरचं घड्याळ. त्या आठवड्यात चेंडू पाच बोटांनी चुकले.

त्याने सराव दुप्पट केला. रोज हजार पट. आम्ही जेवायचं ताट घेऊन भिंतीच्या कडेने चालायला शिकलो. घरचा आकडा नव्व्याण्णववर गेला आणि यादीतला एकसष्टवर. शेवटची स्पर्धा आठवड्यावर आली. सासऱ्यांनी दुकानात एक टेबल रिकामं करून ठेवलं.

सोमवारी टीव्हीजवळच्या भिंतीवर फळी ठोकायला सुतार आला. त्याने पाणसळ काढली, म्हणजे ती पाणी आणि बुडबुडा भरलेली पट्टी, आणि खिळे शोधताना ती सहज जमिनीवर ठेवली. मग तो खिळे शोधायचा थांबला.

"साहेब, ही फरशी कुणी बसवली?"

"का?"

"काही नाही. उजवीकडे चांगलीच उतरलीये. इथे मी टेबल केलं असतं तर तुम्ही माझे पैसे दिले नसते."

मी खाली वाकलो. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला होता. मी टीव्हीसमोर चेंडू ठेवला आणि हात काढला. चेंडू जरा थांबला, विचार केल्यासारखा, आणि उजवीकडे चपलांच्या कपाटाखाली गेला. पेल्यात पडण्यासाठी तो डावीकडे मारावा लागत होता. चार बोटं.

"तुला हे माहीत होतं?" मी बायकोला विचारलं.

"म्हणजे काय? बटाटा पडला तरी तिकडेच जातो. लग्न झाल्यापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही मला बटाट्याचं कधी विचारलंत?"

आता माझ्यापुढे दोन गोष्टी होत्या. मेहुण्याचं कार्ड आणि माझी बावीस वर्षं. खरं सांगायचं तर दोष मनात आहे हे खोटं ठरत होतं, म्हणजे दुरुस्ती. शिवाय दोष कुठे आहे हेही छापावं लागलं असतं आणि तो माझ्या सासऱ्यांनी बसवलेला होता. मी मधला मार्ग काढला. मेहुणा मैदानावर असताना जाजमाखाली आमच्याच पेपरचे जुने अंक घातले. उजव्या कडेला अठरा, मध्ये नऊ, डावीकडे एकही नाही. सुताराकडून पाणसळ मागून घेतली होती, बुडबुडा मधोमध आणला. कुणालाही काहीही न कळता पोरगा सुधारेल अशी योजना होती.

त्याने पहिला पट मारला. चार बोटं डावीकडून गेला. शंभर झाले तेव्हा पेल्यात अकरा होते, आणि त्यातले तीन सोफ्याला लागून आलेले.

त्याने पेल्यातले चेंडू काढून घेतले. मग पट मारायची काठी पिशवीत ठेवली आणि चेन शेवटपर्यंत ओढली.

"भावोजी, आता घरीही गेलं. तुम्ही लिहिलंत तेच खरं. मी बाबांना फोन करतो, उद्यापासून येतो म्हणून."

"एवढी घाई काय आहे?"

"टेबल रिकामं आहे."

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात बटाटा होता.

मी जाजम उचललं. खालचे सत्तावीस अंक दाखवले, पाणसळ दाखवली, चेंडू सोडून दाखवला. त्याने उकिडवं बसून कपाटाखाली गेलेला चेंडू बाहेर काढला.

"म्हणजे माझं डोकं ठीक आहे?"

"ठीक आहे."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"सकाळी साडेदहाला," मी म्हणालो. वेळ मी नेहमी अचूक सांगतो.

"आणि आत्ता चार वाजलेत. ताई, या माणसाबरोबर तू कशी राहतेस?"

"भिंतीला धरून," ती म्हणाली.

त्याने एकच अट घातली. जिथे छापलं होतं तिथेच दुरुस्ती छापायची. मी हो म्हणालो. तीन दिवस तो सपाट जाजमावर मारत राहिला. शेवटच्या स्पर्धेत शेवटच्या ग्रीनवर नऊ फुटांचा पट उरला तेव्हा त्याने मान वर करून दोरीपलीकडे मला शोधलं, नाक मुरडलं आणि चेंडू सरळ आत घातला. यादीत साठावा. कार्ड राहिलं.

मंगळवारी दुरुस्ती आली. 'या स्तंभात एका खेळाडूविषयी दोष मनात आहे असे प्रसिद्ध झाले होते. दोष मनात नसून, तो ज्या हॉलमध्ये सराव करतो तेथील फरशीत होता.' कुस्तीवाल्या गृहस्थांनी पूर्ण विभागाला चहा पाजला.

त्याच दिवशी सासरे आमच्या दारात उभे राहिले. एका हातात कात्रण, दुसऱ्या हातात स्वतःची पाणसळ, तीन फुटी. दुकानात सकाळपासून चार गिऱ्हाइकांनी तेच कात्रण दाखवून कोणाची फरशी म्हणून विचारलं होतं. त्यांनी आज चपला काढताना आरशाचा उल्लेख केला नाही. थेट जाजमावर पट्टी ठेवली. बुडबुडा मधोमध.

"हे काय आहे?" ते म्हणाले.

मी जाजम काढलं, सत्तावीस अंक काढले आणि पट्टी उघड्या फरशीवर ठेवली. बुडबुडा टोकाला गेला. सासरे गुडघ्यांवर हात ठेवून बसले. भिंतीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, खिडकीतून बाहेर पाहिलं.

"फरशी सरळ आहे," ते म्हणाले. "इमारत कललीये."

संध्याकाळी मी तीच पट्टी घेऊन वरच्या मजल्यावर, खालच्या मजल्यावर आणि समोरच्या घरात जाऊन आलो. तिन्ही ठिकाणी बुडबुडा मधोमध होता. घरी आलो तर सासरे जेवायला थांबले होते आणि मेहुणा त्यांना कार्ड दाखवत होता. बायकोने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

शुक्रवारी दुसरी दुरुस्ती छापली, 'संबंधित फरशी निर्दोष आहे.' तेव्हा बावीस वर्षांत माझ्या आता दोन दुरुस्त्या झाल्या. त्यातली दुसरी चुकीची आहे.