बादलीतलं रोम

सकाळी घंटागाडी आली की आमच्या कॉलनीतले लोक गाडीकडं बघतात. हमीद सर लोकांच्या बादल्यांत बघतात. इतिहासाचे निवृत्त शिक्षक. पत्नी रझियाभाभी वारल्यापासून खालच्या मजल्यावर एकटेच राहतात. वेड एकच, जुन्या रोमन गावांचं. रोम त्यांनी पाहिलेलं नाही. पण पैठणच्या मातीत रोमशी चाललेल्या व्यापाराच्या खुणा सापडल्या, एवढ्या नात्यावर ते रोमन लोकांना सोयरे मानतात.

राजे-महाराजे त्यांना वर्ज्य. "लढाई कोण जिंकलं ते सोडा," ते म्हणतात, "जेवल्यावर भांडी कसली घासली ते बोला." गावात पैसा आला की आधी उकिरड्यातली खापरं बदलतात, असा त्यांचा सिद्धांत. एका मोठ्या भांड्यातून जेवणारं घर ज्याच्या त्याच्या लाल चकचकीत वाटीवर येतं. एकदा एवढं सांगून त्यांनी आमच्या बादलीतला पार्सलचा डबा उचलला आणि माझ्या बायकोला विचारलं, "वैनी, कुकर रिटायर झाला का?" तेव्हापासून ती पार्सलचे डबे पलीकडच्या गल्लीत नेऊन टाकायला लागली.

कळस झाला तो पाठकांच्या बादलीत. तिच्यात केसांच्या कलपाची रिकामी डबी निघाली. सर भर जिन्यात पाठककाकींना धीर देऊ लागले, की लाजू नका, रोमच्या बायका पण केस रंगवायच्या. काकींनी जन्मात कलप लावलेला नव्हता. काका मात्र त्या दिवसापासून टोपी घालायला लागले.

शेवटी कॉलनीची बैठक बसली. दुसऱ्याच्या कचऱ्यात डोकावायचं नाही, असं सरांना बजावण्यात आलं. त्यांनी तसा वादा केला.

काही दिवसांनी ते माझ्या दारात आले, चेहरा पडलेला. म्हणाले, वादा मोडला. वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या सावंतमावशींच्या बादलीत भाजीची देठं नाहीत, साली नाहीत, रोज नुसते बिस्किटांचे कागद.

"त्या घरात चूल पेटत नाय," सर म्हणाले. "तुम्ही चला संगं. मी एकटा गेलो तर ओरडतील."

मावशींनी दार उघडलं ते डाव्या हातानं. उजवं मनगट सुजून टम्म झालं होतं. न्हाणीत पाय घसरून पडल्या होत्या आणि पुण्याच्या लेकीला घोर नको म्हणून कुणालाच बोलल्या नव्हत्या. आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. हात प्लास्टरमध्ये गेला, आणि माझ्या बायकोनं त्याच दिवशी त्यांचा डबा सुरू केला.

मावशींना घरी सोडून जिना उतरताना मी सरांना विचारलं, की नुसत्या कागदांवरून तुम्हाला कळलं तरी कसं? मला वाटलं, आता रोम निघणार. सर कठडा धरून थांबले.

"रझिया गेली ना, तवा माझी बादली अशीच होती. लई दिवस."

एक पायरी उतरले, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "कोणी बघितली नाय."