सुनेची पोत आणि कडूबाचा कापूस

"भाव चढल्याशिवाय या घरातला चिमूटभर कापूस हलणार नाही!" असं कडूबानं दिवाळीतच पारावर ठणकावून सांगितलं होतं. कडूबा म्हणजे शब्दाचा पक्का माणूस. संक्रांत आली तरी भाव जागचा हलला नाही आणि कडूबाचा कापूसही.

त्या साली बीटी कपाशीनं बोंडं दिली होती मायंदाळ. पुढची खोली भरली, मधली भरली, सुनेच्या खोलीतही आढ्याला टेकेल असा ढीग लागला. माणसांना वावरायला उरली एक पायवाट. तिच्यावरून आठवा महिना लागलेली सून, प्रेरणा, सरळ गेली तर कंबर घासायची आणि आडवी गेली तर पोट! कंबर तर अशी दुखायची की उठताना "आई गं" आणि बसताना "आई गं". सासू रुखमाबाईनं तेलाच्या दोन बाटल्या त्या कंबरेवर संपवल्या, पण गुण येईना.

नर्सबाईनं व्यायाम सांगितला, तो अगदी साधा. सपाट जमिनीवर चटई टाकायची, तळहात आणि गुडघे टेकायचे, पाठ मांजरीसारखी हळूच वर उचलायची, मग सरळ करायची. दम कोंडायचा नाही आणि दुखलं तर थांबायचं. सगळं सोपं, फक्त सपाट जमीन आणायची कुठून? सासऱ्याला सांगायचं तर त्या घरात सून सासऱ्याशी थेट बोलत नसे. सासराही खाकरल्याशिवाय सुनेच्या खोलीकडे फिरकत नसे. शेवटी प्रेरणानं ढिगाचाच पायथा जरा दाबून सपाट केला.

कडूबाला रोज सकाळी कापसाला हात लावल्याशिवाय चहा गोड लागत नसे. त्या दिवशीही तो रीतीप्रमाणे दारात खाकरला. पण कापसाच्या धुळीनं त्या घरात सगळेच दिवसभर खाकरत! प्रेरणाला वाटलं, नवराच आहे. कडूबानं आत डोकावलं, तर सून कापसात हातापायांवर, मान खाली!

कडूबा चोरपावलांनी मागे फिरला. त्याच्या मते माणूस कापसात रांगतं ते एकाच कारणानं. काहीतरी हरपलं! आणि सुनेच्या अंगावर हरपण्यासारखं होतं काय? गळ्यातली काळ्या मण्यांची पोत! सासूच्या धाकानं लेकरू बोललं नाही, अशा अवस्थेत एकटंच शोधतंय, या विचारानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

दहा वाजता मुलगा राजकुमार बायकोला आणि आईला ऑटोत बसवून जानेफळच्या दवाखान्यात तपासणीसाठी घेऊन गेला. कडूबा तडक शेजारी सईदकडे. सईद गाद्या भरायचा. कापसात हात घालावा तर त्यानंच.

"सईद, सुनबाईची पोत कापसात पडली. ते यायच्या आत शोधा लागते. कोणाले सांगजो नको!"

"काऊन सांगीन, भाऊ? मले काय वेड लागलं?"

सईदनं फक्त बायकोला, खुर्शीदाला सांगितलं. खुर्शीदानं फक्त गल्लीतल्या जनकाबाईला सांगितलं. आणि जनकाबाईला 'सांगू नको' असं कोणी म्हटलंच नव्हतं! बारा वाजेपर्यंत अख्खी गल्ली कडूबाच्या अंगणात. सईद ढीग उपसतोय, बाया पुंजका पुंजका पिंजून पाहतायत, कडूबा गुडघ्यांवर रांगत सूचना देतोय.

"सापडलं!" खुर्शीदा ओरडली. तो कडूबाचा दिवाळीपासून हरवलेला चष्मा होता.

मग एक पळी सापडली. मग मांजरीची तीन पिल्लं सापडली. पोत काही सापडेना!

तीन वाजता ऑटो आला. रुखमाबाई उतरली आणि अंगणातला पांढरा डोंगर पाहून जागीच थांबली.

"काऊन हो? भाव चढला काय?"

"भाव गेला खड्ड्यात!" कडूबा कापसातूनच ओरडला. "सुनबाईची पोत हरपली! तिले एक शब्द बोलशील तर पाह्य!"

सगळी गल्ली प्रेरणाच्या गळ्याकडे पाहू लागली. पोत गळ्यात होती.

"भाऊ," सईद हळूच म्हणाला, "पोत तं जागेवरच हाये."

प्रेरणाला आधी काही कळेना. मग कळलं, सकाळी दारात खाकरला तो नवरा नव्हताच, आणि तिला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून तिनं सासूला सारं सांगितलं. सासूनं ते मोठ्यानं गल्लीला सांगितलं. हशा झाला तो दोन गल्ल्या पलीकडे ऐकू गेला असेल!

प्रेरणा मात्र आत गेली होती. रिकामी खोली, लख्ख सपाट जमीन. तिनं चटई टाकली, पाठ हळूच वर, मग सरळ. दहा वेळा. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती "आई गं" न म्हणता उठली.

बाहेर येऊन ती थेट सासऱ्यापुढे उभी राहिली. रीत गेली रीतीच्या जागी.

"मामाजी, माह्यासाठी इतकं कोणी नाई केलं. लय बरं वाटलं."

ती पाया पडायला वाकू लागली, तसा कडूबा कळवळला. "वाकू नको, बाई! तुही कंबर दुखून राह्यली, अन् मले दिसला तो कापूस. मांजरीनं जागा धरली, तुले मी देली नाई." मग गल्लीकडे वळून म्हणाला, "हा कापूस आता घरात जाणार नाही!"

दुसऱ्याच दिवशी कापूस व्यापाऱ्याच्या गाडीत चढला. सईदच्या घरी मात्र दोन गाद्यांपुरता आधीच पोचला, बाळाची आणि बाळंतिणीची गादी तोच भरणार होता.

आणि आठवड्यानं भाव चढला! ही बातमी ओरडतच रुखमाबाई धावत आत आली, तर त्या दिवशी कापसात रांगून कंबर धरलेला कडूबा चटईवर हातापायांवर होता आणि दारातून सून सांगत होती, "दम कोंडू नका, मामाजी!"

"अगं बाई," रुखमाबाई म्हणाली, "आता तुमचं काय हरपलं?"

कडूबानं पाठ हळूच वर उचलली.

"भाव!"