ग्रॅहम साहेबांचं अर्धं वाक्य

मिहान औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत कामिनी रोकडेला नोकरीला लागून दोन महिने झाले होते. दर सोमवारी इंग्लंडहून ग्रॅहम साहेब ऑनलाइन मीटिंग घेत आणि ते जे बोलत ते कामिनी रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढी. इंग्रजीत एम.ए. केलेल्या कामिनीला पहिल्याच दिवशी धक्का बसला. साहेबांचं एकही वाक्य पूर्ण होत नव्हतं. कर्ता यायचा, क्रियापद वाटेतच हरवायचं.

"फ्रायडे, द ऑफिस, वी कुड क्लोज, आय मीन, इफ... एनीवे," असं ते एकदा म्हणाले. कामिनीला ते वाक्य तसं उघडं सोडवेना. तिने नीट पूर्ण करून सगळ्यांना पाठवलं : शुक्रवारी ऑफिस बंद राहील.

शुक्रवारी साहेबांचा फोन आला, तो चौकीदार दादाजींनी उचलला. "सब लोग घर पे है साब. छुट्टी आपनेच तो दी!"

साहेबांना शब्द कळले नाहीत, पण ऑफिस रिकामं आहे एवढं बरोबर कळलं.

सोमवारी मॅनेजर उन्मेष भोयर कामिनीच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"तुले कोणी सांगतलं होतं वाक्य पूर्ण कराले?"

"सर, अर्धं वाक्य कसं लिहू? वाचणाऱ्याले काय समजन?"

"ते आपलं काम नाही. आता जसं बोलले तसंच लिहायचं. खोकलले तं खोकलासुद्धा."

कामिनीने खोकल्यासकट लिहिलं. 'वेल', 'यू नो' आणि तुटक्या वाक्यांची ती चार पानं साहेबांच्या वरच्या साहेबांपर्यंत पोचली. तासाभरात ग्रॅहम साहेबांचा व्हिडिओ कॉल आला. हे कोणी लिहिलं? तिला इंग्रजी येत नाही, आजच काढून टाका!

उन्मेषने माइक बंद केला. "कामिनी, बोल बाप्पा काहीतरी! माही पण नोकरी जाऊन राहिली."

कामिनी मनात वाक्य जुळवू लागली. 'आय वुड लाइक टू ड्रॉ युअर अटेन्शन टू...' तिथपर्यंत पोचेतो साहेब दुसऱ्याच मुद्द्यावर गेले. तिने पुन्हा जुळवलं, ते पुन्हा पुढे. तिसऱ्यांदा ती 'अटेन्शन'पाशी आली, तर उन्मेष माइक सुरू करून म्हणत होता, "येस सर, टुडे ओन्ली सर."

"सर!" कामिनी ओरडली. "द रेकॉर्डिंग, लास्ट मंडे, यू, आय मीन, जस्ट... लिसन!"

हे अर्धं वाक्य साहेबांना पूर्ण कळलं. कामिनीने रेकॉर्डिंग लावलं.

तीन मिनिटं साहेब स्वतःला ऐकत राहिले. कान लाल झाले. "इज दॅट... डू आय ऑल्वेज... ओह."

त्यांच्या मागून कुठूनतरी बायकोचं हसू आलं. "ट्वेंटी इयर्स!" ती म्हणत होती. "ट्वेंटी इयर्स आय टोल्ड यू!"

कामिनीची नोकरी राहिली. पुढच्या सोमवारी साहेब चष्मा लावून, हातात कागद घेऊन बसले. कर्ता, क्रियापद, कर्म, सगळं जागच्या जागी. पूर्णविरामाला एक मोठा श्वास. एरवी वीस मिनिटांत उरकणारी मीटिंग पावणेदोन तास झाले तरी तिसऱ्याच मुद्द्यावर होती.

उन्मेषने माइक बंद केला आणि हात जोडले. "कामिनी, त्याइले सांग ना वं, पहिलेसारखंच बोला म्हणा!"

कामिनीने ऐकलंच नाही. ती डोळे मिटून बसली होती. प्रत्येक क्रियापद वेळेवर येत होतं.