पताकेने खाल्लेलं गाणं

शनिवारी सकाळी दहा वाजता एवाल्डने सासूबाईंच्या ऐंशीव्या वाढदिवसाचं गाणं छापायला म्हणून फाइल उघडली, तर आत काहीच नव्हतं. नाव होतं, तारीख होती, पान कोरं. त्याने फाइल बंद करून पुन्हा उघडली. मग संगणक बंद करून चालू केला. मग चष्मा पुसला. चष्मा पुसल्यानेही गाणं आलं नाही.

इथेच एक कबुली देऊन टाकतो. हा एवाल्ड म्हणजे मीच. पण 'मी' म्हणून सांगायला बसलो की तिसऱ्या वाक्याला मी स्वतःची बाजू घ्यायला लागतो, म्हणून 'तो'. या माणसाची बाजू घेण्यासारखं त्या दिवशी काहीही घडलं नाही.

युटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आमच्या गावात ऐंशीव्या वाढदिवसाला एक वेळ केक नसला तरी निभावतं, गाणं मात्र हवंच. ओळखीची चाल घ्यायची, तिच्यावर त्या माणसाचा जन्मापासूनचा इतिहास बसवायचा, प्रत्येक बशीशेजारी एकेक कागद ठेवायचा आणि सगळ्यांनी मिळून तो शेवटच्या कडव्यापर्यंत गायचा. एवाल्डच्या बायकोने, लोनेने, आईसाठी तीन आठवडे खपून अकरा कडवी रचली होती. दुपारी दोनला सव्वीस माणसं येणार होती. लोने केक आणि जास्तीच्या खुर्च्या आणायला गेली होती, ती बाराला परतणार होती.

खरं तर लोने वहीत लिहीत होती. वही हरवते, असं एवाल्डनेच तिला पटवलं. घरातलं सगळं त्याच्या सर्व्हरवर असायचं. आपल्या वस्तू परक्यांच्या कपाटात का ठेवायच्या, असं म्हणत तीन वर्षांपूर्वी त्याने कपडे धुण्याच्या मशीनवरच्या फळीवर तो डबा बसवला होता आणि पाहुण्यांना बाथरूमचा रस्ता दाखवताना तो डबाही दाखवायचा.

घोळ झाला होता शुक्रवारी संध्याकाळी. नवव्या कडव्यात एक अक्षर जास्त होतंय, असं एवाल्डला वाटलं. त्याला कोणी विचारलं नव्हतं. त्याने ते अक्षर काढलं आणि फाइल सेव्ह केली. डिस्क काठोकाठ भरलेली होती. सर्व्हरने जुनं गाणं पुसलं आणि नवं ठेवायला गेला, तर जागाच नाही. मग त्याने रिकामी फाइल ठेवली. तशी लाल सूचना आली होती. सूचना वाचायच्या असतात, हे एवाल्ड इतरांना नेहमी सांगत असे.

हरकत नाही, बॅकअप होता. बॅकअप या विषयावर एवाल्डने गावच्या ग्रंथालयात व्याख्यान दिलं होतं, अकरा माणसं आली होती. बॅकअप दुसऱ्या डिस्कवर ठेवावा, असं त्याने त्यात बजावून सांगितलं होतं. स्वतःच्या घरी तो त्याच डिस्कवर होता, कारण दुसरी डिस्क बसवायचं काम येत्या रविवारी करायचं होतं. गेली दोन वर्षं ते येत्या रविवारीच करायचं होतं. बॅकअपने इमानेइतबारे कोऱ्या फाइलची नक्कल करून चांगल्या गाण्याच्या जागी ठेवली होती. कोऱ्या फाइलला जागा लागत नाही, त्यामुळे ती व्यवस्थित बसली.

आता डिस्क खाल्ली कोणी? एवाल्डने शोधलं, तर चोर अंगणात निघाला. आमच्याकडे अंगणातला झेंडा सूर्यास्ताला उतरवायचा असतो, आणि गेल्या उन्हाळ्यात सूर्य मावळल्यावरही त्याचा खांबावर राहिला होता. शेजारचे प्रेबेन येऊन अगदी गोड आवाजात म्हणाले होते की तुझी तब्येत बरी आहे ना, म्हणून बघायला आलो. आमच्याकडे यापेक्षा जास्त कोणी कोणाचा अपमान करत नाही. एवाल्डला तो असा झोंबला, की आपण झेंडा वेळेवर उतरवतो याचा पुरावा राहावा म्हणून त्याने खांबाकडे तोंड करून कॅमेरा लावला. काही हललं की चित्रण सुरू. मग झेंड्याचं झंझटच नको म्हणून त्याने खांबावर लांब निमुळती पताका चढवली. ती रात्रंदिवस ठेवली तरी चालते, कोणी काही म्हणत नाही. कॅमेरा काढायचा मात्र राहिला. आणि आमच्या किनाऱ्यावर वारा वर्षातून साधारण चार दिवस थांबतो.

चौदा महिने ती पताका फडकत होती आणि सर्व्हर ते साठवत होता. बॅकअपमध्ये त्याचीही नक्कल होती.

एवाल्डने रागारागाने सगळी चित्रणं बॅकअपमधल्या नकलांसकट पुसली. डिस्क तरीही भरलेलीच, कारण पुसलेलं सगळं सर्व्हरच्या कचरापेटीत गेलं होतं आणि पेटी त्याच डिस्कवर. मग त्याने पेटी रिकामी करायला लावली. नव्वद टक्के झाल्यावर त्याला आठवलं, की लोनेने बुधवारी गाण्याचा जुना खर्डा पुसला होता, तो त्याच पेटीत असणार. तो थांबवायला धावला. तोवर शंभर टक्के झाले. डिस्क आता लख्ख मोकळी होती.

पावणेअकरा वाजले होते. अकरांपैकी त्याला एकच कडवं आठवत होतं, ज्यात जावयाचं कौतुक होतं. नाइलाजाने त्याने सासूबाईंना, म्हणजे रिग्मोरबाईंना, फोन लावला. वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, की आई, तुमची शाळा नेमकी कुठली?

"गाणं हरवलं का?" रिग्मोरबाई म्हणाल्या.

एवाल्डने घड्याळाकडे पाहिलं.

"लोनेला माहितेय?"

"नाही. बाराला येतेय."

"मग कागद घे. साठाव्याला माझ्या बिस्किटांवर चार कडवी होती, सत्तराव्याला सहा. मला बिस्किटं आवडत नाहीत रे. लोकांसाठी करत आले."

मग त्या सांगत गेल्या आणि एवाल्ड लिहीत गेला. गाडीच्या परीक्षेत त्या चार वेळा नापास झाल्या होत्या आणि तरी दोन वर्षं दुधाची गाडी चालवत होत्या. एकोणिसाव्या वर्षी बोटाने टकटक करून बिनतारी संदेश पाठवायला शिकल्या, बोटीवर नोकरी मिळाल्याचं पत्रही आलं. तेवढ्यात लग्न ठरलं. लोने पोटात असताना तसंच पत्र दुसऱ्यांदा आलं. ते त्यांनी चुलीत घातलं. नंतर एकदाच हळहळल्या, लोनेला दात येत होते तेव्हा. "हेही घाल," त्या म्हणाल्या. यमकं त्यांनीच जुळवून दिली, एवाल्डची त्यांना पसंत पडेनात.

दोन वाजता गाणं सुरू झालं. लोनेने पहिली ओळ वाचली आणि एवाल्डकडे पाहिलं. सुरू झालेलं गाणं आमच्याकडे कोणी थांबवत नाही, म्हणून तीही गात राहिली. रिग्मोरबाई रीतीप्रमाणे चेहऱ्यावर आश्चर्य आणून ऐकत होत्या, आणि ते इतकं छान आणलं होतं की एवाल्डलाही क्षणभर खरं वाटलं. पाहुणे दुधाच्या गाडीला हसले. चुलीतल्या पत्राच्या कडव्याला लोनेने कागद खाली ठेवला आणि आईकडे पाहिलं.

एवाल्ड न सांगता भांडी घासायला गेला. सव्वीस कप धुता धुता त्याने माफीची तीन भाषणं जुळवली. लोने आली तेव्हा त्यातलं एकही आठवेना. त्याने सगळं सरळ सांगून टाकलं, पताकेसकट.

"आणि पत्राचं तुला कसं कळलं? बावन्न वर्षं मी तिची मुलगी आहे. मला ती कधी बोलली नाही."

"मी विचारलं," एवाल्ड म्हणाला.

लोने हातातला कप पुसत राहिली. तो कधीच कोरडा झाला होता.

"मी तीन आठवडे तिच्यावर गाणं लिहीत होते," ती शेवटी म्हणाली. "तिला एक फोन नाही केला."

तिने टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला आणि बाहेर जाऊन आईशेजारच्या खुर्चीत बसली. दोघी काय बोलत होत्या ते स्वयंपाकघरात ऐकू येत नव्हतं. सासूबाई बोटाने टेबलावर टकटक करून काहीतरी शिकवत होत्या आणि लोने तसंच वाजवून बघत होती. तिचं चुकत होतं, हे एवाल्डला खिडकीतून दिसलं. तो सांगायला निघाला, दारापर्यंत गेला आणि परत येऊन उरलेल्या बशा धुऊ लागला.