आप्पा मिस्त्रींची झोप

आप्पा मिस्त्री माणसाला त्याच्या घोरण्यावरून ओळखायचे. शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फौंड्रीत ते मेंटेनन्सला होते, मी स्टोअरला. बिघडलेल्या मशीनला कान लावून ते रोग सांगायचे, आणि रात्री तोच कान माणसांना लावायचे. एकदा नृसिंहवाडीच्या धर्मशाळेत आम्ही सगळे एका हॉलमध्ये झोपलो. सकाळी चहाला त्यांनी चारचौघांत मॅनेजरला सांगितलं, "सायेब, तुमचा बेल्ट सैल झालाय. फडफड वाजतुया." साहेब चहा न पिताच उठले.

घरच्यांनाही सोडायचे नाहीत. लाल डोळ्यांनी कामावर आले की कारण ठरलेलं. "आमच्या घरात पिठाची गिरणी हाय. रातभर चालू." गिरणी म्हणजे त्यांची बायको, आमच्या काकी. त्यांच्या तोंडावरही हेच म्हणायचे. काकी डबा भरता भरता सांगायच्या, "मग जावा की डोंगरावर झोपायला."

आप्पा खरंच डोंगरावर यायला लागले, पण काकी वारल्यावर. नुकतेच रिटायर झालेले, मुलगी सासरी, घरात एकटे. म्हणून मी आणि आमच्याच खात्यातला कांबळे हिवाळ्यात गगनबावड्याकडच्या डोंगरावर जाताना त्यांना बरोबर घेऊ लागलो. वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळाच्या पठारावर, बिरूमामा धनगराची खोप होती, मुक्काम तिथंच. चढताना आप्पा आमच्या पुढं. वर गरम भाकरी, पिठलं, दूध. माणूस एकदम खुशीत. आडवं झालं की मात्र कुरकुर सुरू.

"कांबळे, ऊठ. बेअरिंग गेलंय तुजं."

कांबळे कूस बदलायचा, की माझा नंबर. "देसाई, तुजी शिट्टी वाजतीया. वायसर बदल."

सकाळी आमचे डोळे लाल, त्यांचे त्याहून लाल. परतीच्या एसटीत आप्पा जाहीर करायचे, "फुडच्या बारीला ह्या इंजनांसंगं यायचं न्हाय." आणि पुढच्या बारीला पिशवी घेऊन स्टँडवर आमच्या आधी हजर.

एका वर्षी कांबळे वैतागला. "आप्पा येणार असतील तर मला धरू नका. म्हातारा झोपत न्हाय आन झोपू देत न्हाय." दोघांना कसंबसं वर नेलं आणि गाऱ्हाणं बिरूमामाच्या कानावर घातलं. मामानं जरा लांब एक नवी खोप बांधली होती. तिच्यात गवत पसरून तो म्हणाला, "पावणं, तुमी तिकडं निवांत पडा. तितं कुत्रं बी भुकत न्हाय."

आप्पांनी एकदा आमच्याकडं बघितलं. "झ्याक झालं की," म्हणाले आणि घोंगडं काखेत मारून गेले. आता तरी म्हातारा पोटभर झोपेल, असं मला वाटलं. कांबळे तर पाठ टेकताच घोरायला लागला.

दार करकरलं तसा मी जागा झालो. घोंगडं छातीशी धरून आप्पा उभे होते.

"काय झालं तिकडं?"

"कायबी झालं न्हाय," ते म्हणाले. "त्येच की. सरक जरा."

आमच्या दोघांच्या मधे ते आडवे झाले. मग हळू आवाजात म्हणाले, "लई गप हाय रं तिकडं. घरात बी आसंच हाय. गिरणी बंद पडल्यापास्नं मला झोप म्हणून न्हाय, देसाई."

"मग आम्हाला कशाला उठवता?"

"तिला बी उठवायचो की. उठायची, चार शिव्या द्यायची आन परत झोपायची. मग मला डोळा लागायचा."

"उठवा मग कांबळेला," मी म्हणालो.

आप्पांनी त्याला कोपरानं ढोसलं. "कांबळे, बेअरिंग."

कांबळेनं झोपेतच एक सणसणीत शिवी हासडली, कूस बदलली आणि पुन्हा घोरायला लागला. आप्पा अंधारात समाधानानं हुंकारले. थोड्याच वेळात त्यांचंही घोरणं सुरू झालं. एवढी वर्षं ऐकलं नव्हतं ते. कांबळे आणि मी, दोघांना मिळून भारी होतं.

उजाडेपर्यंत मला झोप लागली नाही. पण मी त्यांना उठवलं नाही.