डीएनए वाढला

कस्तुराबाईंच्या घरात काही तुटत नसे. बांगडी वाढते, नारळ वाढवतात, दिवा वाढवतात, एवढं तर तुमच्या-आमच्या घरीही चालतं. पण कस्तुराबाईंनी ही शिस्त पार गोठ्यापर्यंत नेली होती. बैलाचं दावं वाढलं, बाजेची सुतळी वाढली, फवारणीच्या पंपाचा पट्टा वाढला. एकदा त्यांच्या नवऱ्यानं, नानाजींनी, मेडशीच्या स्टँडवर चार माणसांत सांगितलं की अकोला गाडीच्या स्प्रिंगचा पाटा वाढला म्हणून उशीर झाला, तेव्हा कंडक्टर बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. पोरगी वर्षाराणी बारावी सायन्सला गेली, जीवशास्त्राचे अवघड शब्द फाडफाड बोलू लागली, तरी पेनची निब तिच्या हातून वाढायचीच. लहानपणीची सवय, जाते कुठे?

तर अशा या घरात एके सकाळी धार काढताना म्हशीनं मान झटकली, शिंग नेमकं कस्तुराबाईंच्या गळ्यात अडकलं आणि पोत वाढली. काळे मणी, सोन्याचे मणी, दोन वाट्या, सगळं शेणात. कस्तुराबाईंनी ते वेचून धुतलं, रुमालाची पुरचुंडी बांधली, आणि सवाष्णीचा गळा मोकळा राहू नये म्हणून दोऱ्यात हळकुंड ओवून गळ्यात घातलं. मग त्यांनी नवऱ्याला हाक मारली.

प्रसंग साधा नव्हता. दुसऱ्या दिवशी शिरपूरला त्यांच्या भावाच्या सुनेचं डोहाळजेवण होतं आणि पहिली ओटी कस्तुराबाईंनी भरायची होती. त्यात भावजय बेबीबाई. बेबीबाईंच्या नजरेतून लुगड्याचा दोरा सुटत नसे आणि सापडलेला दोरा त्या वर्षभर पुरवून पुरवून ओढत असत.

"गळ्यात हळकुंड घालून गेली तं थे बाई मले जगू देनार नाही," कस्तुराबाई म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता मालेगावले जा आन् पटवेकऱ्याकडून पोत ओवून आना. रस्त्यात कोनाले काही समजावत बसू नका."

शेवटचं वाक्य उगाच नव्हतं. नानाजींना तंबाखू नव्हती, पत्ते नव्हते. व्यसन एकच, समजावून सांगणं. पोरगी ओसरीवर मोठ्यानं अभ्यास करी आणि नानाजी बाजेवर पडून तो ऐकत. तिच्या परीक्षेत जे येई न येई ते दुसऱ्या दिवशी स्टँडवरच्या पानठेल्यावर हमखास येई.

त्या दिवशीही तसंच झालं. नानाजी खिशात पुरचुंडी घालून गाडीची वाट बघत उभे होते, तेवढ्यात पानठेलेवाल्या जगदेवनं सहज विचारलं की माहं सोयाबीन पिवळं पडून राह्यलं, युरिया फेकू का? आता हे म्हणजे बैलापुढं ढेप ठेवण्यासारखंच झालं. नानाजींनी बूड टेकलं. युरियानं काही होत नाही, हा पिवळा मोझॅक, हा व्हायरस, पांढरी माशी एका झाडाचा रस पिते आणि दुसऱ्या झाडाला तो देऊन येते, असं सगळं त्यांनी पहिल्यापासून लावलं.

"वायरस जिता बी नसते आन् मेला बी नसते," ते म्हणाले. "पेशीत घुसला तं जिता. बाहेर पडला तं नुसताच पडून राह्यते."

"म्हनजे आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीवानी," जगदेव म्हणाला.

यावर नानाजींनी त्याला डीएनए, आरएनए असं सगळं खोलात जाऊन सांगितलं. त्यात मालेगावची गाडी गेली. मग दुसरीही गेली. दिवेलागण झाली तेव्हा नानाजी भानावर आले आणि घराकडे निघाले. वाटेत त्यांनी विचार केला की खरं सांगितलं तर आज जेवण नाही, आणि सकाळच्या गाडीनं जाऊन आलं तर कोणाला कळतंय? घरी येऊन त्यांनी सांगून टाकलं की पटवेकऱ्याकडं गर्दी आहे, उद्या दुपारपर्यंत देतो म्हणाला. आणि ती पुरचुंडी त्यांनी ओसरीवरच्या फळीवर बिस्किटाचा एक जुना डबा होता त्यात दडवली. त्या डब्याला घरात कोणी हात लावत नाही, असा त्यांचा समज होता.

समज चुकीचा होता. त्या डब्यात वर्षाराणी आणि तिची मैत्रीण नीता यांचं डीएनएचं सामान होतं. दुसऱ्या दिवशी मालेगावला कॉलेजात विज्ञान प्रदर्शन होतं. दोन बाजूंना मण्यांच्या दोन माळा आणि मध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या रंगीत स्ट्रॉच्या नळ्या, असं मॉडेल दोघी करत होत्या. प्रत्येक पायरी दोन नळ्यांची, बारीक नळी जाड नळीत खुपसलेली. मणी कमी पडत होते म्हणून वर्षाराणी चार दिवस बापामागं लागली होती की काळे मणी आणून द्या. संध्याकाळी वर्षाराणी आत भाकरी टाकत असताना नीतानं डबा उघडला तर आत रुमालात मणी. तिला वाटलं, आले एकदाचे. पोरगी हुशार, हात चपळ. तिनं काळा मणी म्हणजे शर्करा, पिवळा मणी म्हणजे फॉस्फेट, असं ठरवून सगळं ओवून टाकलं. दोन वाट्याही होत्या, बाजारच्या खोट्याच असणार असं तिनं धरलं. त्यांचं डीएनएमध्ये काही काम नव्हतं, पण दिसायला छान म्हणून तिनं त्या एका माळेच्या खालच्या टोकाला अडकवल्या. मग मॉडेल ओढणीत गुंडाळून ती घरी घेऊन गेली, आणि पहाटेच्या गाडीनं दोघी मालेगावला.

सकाळी नानाजींनी डबा उघडला. आत स्ट्रॉचे तुकडे आणि त्यांचा रुमाल होता. रुमालाची घडी घातलेली होती. नानाजी मट्‌कन खाली बसले. एवढी सगळी विद्या त्यांनी गावाला वाटली होती, पण ही गोष्ट बायकोला कशी समजावून सांगायची, हे मात्र कोणत्याच धड्यात नव्हतं. पटवेकऱ्याकडं जाऊन येतो असं ओरडून ते जी मिळेल ती गाडी धरून निघाले.

कॉलेजच्या हॉलमध्ये ज्वालामुखी होता, ठिबक सिंचन होतं, आणि खिडकीपाशी एका तारेच्या चौकटीवर कस्तुराबाईंची पोत पीळ देऊन टांगलेली होती. नीता चार बायांना समजावत होती की हे आपल्या प्रत्येकाच्या पेशीपेशीत असतं. बाया एकमेकींकडे बघत होत्या. त्यांच्या गळ्यात ते असतं हे त्यांना माहीत होतं, पेशीचं नवीन होतं.

नानाजींनी वर्षाराणीला खांबाआड नेऊन कानात सांगितलं. तिनं मॉडेलकडं नीट पाहिलं आणि वाट्या ओळखल्या. आईच्या गळ्यातली वस्तू, जन्मापासून डोळ्यांसमोर. रोजची म्हणून कधी न्याहाळलीच नव्हती. तरी पोरगी धीराची. परीक्षक अकोल्याहून निघालेत, ते बघून गेले की सोडून देते, तोवर कोणी हात लावायचा नाही, असं तिनं बापाला बजावलं.

परीक्षक काही येईनात. फोन मात्र येत राहिला.

"झाली का?" कस्तुराबाई.

"होऊनच राह्यली. दुकानातच उभा हाय मी."

"मागं पोरी कायच्या हासून राह्यल्या?"

"गिऱ्हाइकं होत."

पुढच्या फोनला त्यांनी सांगितलं की आता नुसत्या वाट्या राहिल्या. त्याच्या पुढच्या फोनला कस्तुराबाईंनीच सांगितलं की मी शिरपूरला निघाले, गाडी मालेगाववरूनच जाते, तिथं उतरते आणि पोत घेऊनच पुढं जाते. मग नानाजींनी फोन उचलणंच सोडून दिलं.

आता माणसाला घाम फुटला की त्याच्या बोटांना अक्कल राहत नाही. नीता पाणी प्यायला गेली, वर्षाराणी दाराशी परीक्षकांची वाट बघत उभी होती. नानाजींनी विचार केला, निदान वाट्या तरी काढून घेऊ. त्यांनी मॉडेलपुढं बांधलेल्या दोरीच्या पलीकडं हात घातला, खालचं टोक धरलं आणि हळूच ओढलं. गाठ सुटली ती वरची. नळीतून नळी निसटली, मग तिच्या खालची, मग तिच्या खालची, आणि सरसर करत सगळी शिडी मधोमध उकलली. एक माळ चौकटीवर राहिली. दुसरी नानाजींच्या हातात आली.

नेमके त्याच वेळी परीक्षक प्राचार्यांबरोबर दारातून आत आले.

"हे काय," प्राचार्य म्हणाले, "डीएनए तुटला की."

पाणी पिऊन आलेल्या नीताला रडू फुटलं. आणि वर्षाराणी, जिच्या घरी आजवर काही तुटलं नव्हतं, जिच्यासमोर आईची पोत दोन तुकडे होऊन लोंबत होती, तिच्या तोंडून आपोआप निघून गेलं:

"नाही सर. वाढला."

परीक्षक थांबले. चष्मा वर करून त्यांनी विचारलं, "म्हणजे?"

म्हणजे काय ते वर्षाराणीलाही त्या क्षणी ठाऊक नव्हतं. पण बापाचा गुण पोरीत उतरलेला होता. एकदा तोंड उघडलं की समजावून सांगितल्याशिवाय मिटत नसे. ती सांगू लागली की डीएनएला वाढायचं असलं तर आधी असंच उकलावं लागतं. दोन साखळ्या सुट्या होतात. मग प्रत्येक जुनी साखळी आपली नवी जोडीदार तयार करून घेते, ॲडेनिनसमोर थायमिन, ग्वानिनसमोर सायटोसिन. एकाचे दोन होतात, आणि दोन्हींत अर्धं जुनं, अर्धं नवं. बोलता बोलता तिला स्वतःलाच पटत गेलं.

"म्हणून आमच्याकडे तुटला म्हणत नाहीत, सर," ती म्हणाली.

परीक्षकांचा चेहरा उजळला. या आठवड्यात ठिकठिकाणी त्यांनी पाच ज्वालामुखी पाहिले होते. त्यांनी पेन नानाजींकडं रोखलं. "आणि हे गृहस्थ?"

"हे हेलिकेज, सर. साखळ्या उकलणारं एन्झाइम."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. टोपीवालं, पायजमा-सदऱ्यातलं हेलिकेज आपण पहिल्यांदाच पाहतोय, असं परीक्षक म्हणाले आणि तिथल्या तिथं पहिला नंबर देऊन मोकळे झाले. मॉडेल आता वाशीमला जिल्ह्याला जाईल, तोवर कपाटात कुलूपबंद राहील, असं प्राचार्यांनी जाहीर केलं. नानाजींनी हातातली माळ घट्ट धरली आणि दाराकडं पाहिलं. दारात कस्तुराबाई उभ्या होत्या.

पटवेकऱ्यानं त्यांना सांगितलं होतं की नानाजी माझ्याकडं अखजीच्या सणापासून फिरकले नाहीत, पण सकाळी कॉलेजकडं पळताना दिसले. त्या किती वेळ दारात उभ्या होत्या कोण जाणे. नानाजींचा त्या क्षणी व्हायरस झाला होता. जिवंतही नव्हते, मेलेलेही नव्हते.

"लय मोठं दुकान मांडलं पटवेकऱ्यानं," कस्तुराबाई म्हणाल्या.

त्या सावकाश पुढं आल्या. डोक्यावरचा पदर सारखा करून त्यांनी परीक्षकांना विचारलं, "साहेब, पोरगी म्हन्ते थे खरं होय? एकाचे दोन होतात?"

"अगदी खरं."

"दोन्ही सारखेच?"

"हुबेहूब."

"मंग हे एक माहं." त्यांनी नानाजींच्या हातातली वाट्यांची माळ काढून घेतली. गळ्यातलं हळकुंड सोडून वर्षाराणीच्या हातावर ठेवलं. "वाट्यायच्या जागी हे लाव तठी. पह्यला नंबर आला, डीएनएचा गळा बोडका दिसू नये."

परीक्षक म्हणाले की याला आमच्या भाषेत उत्परिवर्तन म्हणतात आणि ते चालतं. कस्तुराबाईंनी मान हलवली आणि मग त्या नानाजींकडं वळल्या. उकलून तर ठेवलं, आता दोन्ही पुरे कोण करणार, एवढंच त्यांनी विचारलं.

नानाजींनी टोपी काढून झटकली. त्यांची दया येऊन परीक्षकच म्हणाले, "बाई, हेलिकेज फक्त उकलतं. भरून काढायला दुसरं एन्झाइम लागतं."

"दुसरं कायले?" कस्तुराबाई म्हणाल्या. "मले हेच पुरते."

शिरपूरला डोहाळजेवण थाटात झालं. वर्षाराणीनं गाडीत बसण्याआधी कात्रीनं माळेतल्या नळ्या काढल्या होत्या. पोत जरा आखूड झाली होती, पण वाट्या जागेवर होत्या आणि गळा भरलेला होता. कस्तुराबाई ओटी भरायला वाकल्या, पदर जरा सरकला, आणि बेबीबाईंची नजर मानेमागं कुठं तरी जाऊन अडकली.

"वन्स, हे पोतीत गुलाबी काय होय?"

एक नळी राहून गेली होती. कस्तुराबाईंचा हात ओटीतच थांबला. बायांच्या माना वळल्या. तेवढ्यात माजघराच्या दारातून आवाज आला. नानाजी पाण्याचा तांब्या न्यायला आले होते आणि त्यांच्यानं राहवलं नाही.

"ॲडेनिन होय थे," नानाजी म्हणाले. "पेशीत असते. हे एकलं राहूच शकत नाही. याच्यासमोर थायमिनची जोडी लागतेच, मंग दोन पदर पुरे होतात. सायन्स हाय."

बेबीबाईंनी पोत खालून वर नीट न्याहाळली. "मंग थो दुसरा पदर कोठी हाय?"

कस्तुराबाईंनी सुनेच्या ओटीत नारळ ठेवला, हळदी-कुंकू लावलं आणि सगळ्या माहेराला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "दिवाळीले येऊन राह्यला. सोन्याचे मनी घालून. आत्ताच सांगतलं ना ह्यायनं, लागतेच म्हनून."

बाया नानाजींकडं बघू लागल्या. नानाजींनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि रिकामाच तांब्या घेऊन ते ओसरीवर जाऊन बसले.